बावीसच्या आत

जव्हारला बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी राखुंडी घेऊन ओसरीवर आलो, तर शेजारचा माणूस तुळईला लटकत होता. दोन्ही हात वर, पाय जमिनीपासून हातभर उंच, डोळे मिटलेले. इथल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पंचनाम्यावर सही करावी लागते की काय, या धास्तीने तोंडातली राखुंडी पोटात गेली. मी ओरडणार, एवढ्यात प्रेत म्हणालं, "अठ्ठावीस."

मग एकोणतीस झाले, तीस झाले, एकतीसला माणूस खाली उतरला. तळहात धोतराला पुसले, बंडीच्या खिशातून खडू काढून स्वतःच्या दारावर ३१ असा आकडा लिहिला आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "आज मी पाण्याचा."

आणि टोपी घालून चालता झाला.

ज्या भागात उन्हाळा लागला की बायका हंडाभर पाण्यासाठी दोन-दोन डोंगर उतरतात, त्या भागात हा माणूस स्वतःला पाण्याचा म्हणवत होता. मी मनाशी म्हटलं, संस्थानं गेली, पण संस्थानी वेड काही जायला तयार नाही.

हा तांडेल. संस्थान होतं तेव्हा इथल्या एका हौशी सरदाराने मुंबईहून शिडाची विलायती होडी आणवली होती. दरबारी मंडळी तिला 'याट' म्हणत. ती घाट चढवायला बैलांच्या सहा जोड्या लागल्या म्हणे. गावाबाहेरच्या तळ्यात ती सोडली आणि ती चालवायला किनाऱ्यावरून हा तांडेल आणला. पुढे विलीनीकरण झालं. सरदार पुण्याला गेले, घोडे विकले गेले, शिकारी कुत्रे ज्याला हवे त्याने नेले. होडी आणि तांडेल तेवढे मागे राहिले. सरकारला या दोघांचं काय करावं ते कळेना, तेव्हा दोघांनाही आमच्या कचेरीच्या गळ्यात मारलं. होडीला गवताचं छप्पर मिळालं आणि तांडेलला पट्टेवाल्याचा पट्टा.

तळं तरी केवढं? या काठावरून खाकरलं तर त्या काठावरची म्हैस मान वर करील, एवढं. खोल मात्र होतं. तर या तळ्यात होडीत बसायचं म्हणजे तांडेलच्या हाताखाली परीक्षा द्यावी लागे. काठावर एक जांभळीचं झाड होतं. तिच्या आडव्या फांदीला आधी लटकायचं. तांडेल समोर उभा राहून आकडे मोजणार. मग रात्री किती झोपलात, सकाळी काय खाल्लंत, याची चौकशी. आणि हे सगळं जमलंच तर दोन्ही काखांत एकेक सुका भोपळा बांधून घ्यायचा, तेव्हा कुठे होडीत पाय. आमचे मामलेदार एकदा कुटुंबासह हौसेने गेले होते. काखेत भोपळे बांधलेले मामलेदार ज्यांनी पाहिले, त्यांना पुढे वर्षभर त्यांच्यासमोर गंभीर राहणं जड गेलं.

"आधी दम, मग दोर," हे तांडेलचं पालुपद. मी एकदा म्हटलं, "अहो तांडेल, एवढ्याशा डबक्यात कसला दम नि कसला दोर?"

"बुडायला सात समुद्र लागत नाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "नाकाच्या वर चार बोटं आलं का पुरतं. आन दर्यावर वारा सांगून येतो. हिथं तो डोंगरामागं दडून बसतो. होडी उलटली तर पोहाया जायचं नाय, होडीला धरून लटकायचं, मदत येईतो. आपण किती लटकू, ते आधी ठाव हवं. पाण्यात जाऊन शिकलं तर त्या शिकण्याचा उपेग नाय."

तो जे सांगायचा ते चूक नसायचं. पण बरोबर बोलणारा माणूस किती कंटाळवाणा असू शकतो, हे मला तांडेलने शिकवलं. शीड ताणायचा दोर तो सदा हातात धरे, खुंटीला कधी बांधत नसे. हात भरून आला की शीड उतरवून मोकळा. "हात दुखला म्हणजे सफर संपली," असं म्हणून तळ्याच्या मधोमध वल्ही काढायचा. शिडाच्या होडीत बसून वल्हवत परत येण्याची गंमत मी त्याच्याबरोबर चार वेळा अनुभवली.

माझी परीक्षा त्याने पहिल्याच महिन्यात घेतली. मी तेव्हा पंचविशीतला, ठाण्याच्या तालमीत दोन वर्षं घालवलेली. "चाळीस तर सहज," असं सांगून मी फांदी धरली. बोटं सुटली तेव्हा तांडेल म्हणाला, "बावीस."

"बावीस कसे? तुम्ही फार सावकाश मोजता."

"मी मोजतो तसं पाणी मोजतं," तो म्हणाला. आणि घरी येऊन स्वतःच्या दारावर खडूने लिहिलं : भाऊसाहेब २२. त्या दारावर अर्ध्या जव्हारची अब्रू टांगलेली होती. हेडमास्तर १७. पोस्टमास्तर ११. आणि खोडाळ्याच्या एका दुकानदाराच्या नावापुढे ४, त्यापुढे 'जिलबी खाऊन आला' असा शेरा. दुसऱ्या दिवशी पोस्टमन टपाल देताना मला म्हणाला, "बावीसच का हो?" तेव्हापासून मी तांडेलच्या वाईटावर होतो.

तांडेल स्वतःलाही सोडत नसे. रोज सकाळी तुळई, रोज खडू. तीस किंवा वर आले तर 'आज मी पाण्याचा'. तिसाच्या खाली आले तर 'आज मी जमिनीचा', आणि मग खुद्द कलेक्टर आले तरी हा होडीला हात लावणार नाही. सरकारी कामात प्रकृतीचं असं भांडवल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन वर्षं मी हे सहन केलं. तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, ठाण्याचे मोठे साहेब दौऱ्यावर येणार असं पत्र आलं. त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा क्लबात शिडाच्या होड्या पाहिल्या होत्या आणि डोंगरात एक 'याट' आहे हे ऐकून त्यांना तीत बसायचं होतं. सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. आता माझंही एक काम साहेबांकडे अडलं होतं. भिवंडीच्या एका मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं, पण तिचे वडील म्हणत होते की ठाण्याला बदली झाली तर मुलगी देतो, जंगलात देणार नाही. साहेबांच्या एका सहीचं काम. म्हणजे माझा संसार त्या होडीत बसला होता आणि सुकाणू होतं तांडेलच्या हातात.

साहेब यायच्या आधीच्या आठवड्यात तांडेलला हिवताप झाला. माझ्या मनात त्याच्याविषयी जी दया उत्पन्न झाली, ती सगळी स्वतःसाठी होती. मी त्याला कोयनेल आणून दिलं, पेज नेऊन दिली, आणि रोज विचारलं, "शुक्रवारी उभे राहाल ना?" शुक्रवारी तो उभा राहिला. चेहरा खोडाळ्याच्या बाजारातल्या शिळ्या भाजीसारखा, पण उभा. ओसरीवर येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, आज तुम्ही मोजा."

"मी कशाला? तुमचं तुम्ही मोजता की."

"आज मोठं काम हाय. आज दुसऱ्यानं मोजाया हवं."

तो लटकला. मी मोजायला लागलो. दहापर्यंत ठीक मोजलं. मग त्याचे दंड थरथरताना दिसले, आणि माझ्या डोळ्यांपुढे भिवंडी आली. मी वेग वाढवला. अकरा-बारा-तेरा-चौदा... पळत्या गाडीतून मैलाचे दगड मोजावेत तसे मी आकडे सोडले. तो पडला तेव्हा मी विजयाने ओरडलो, "एकतीस!"

तांडेल भुईवर बसून धापा टाकत होता. दम परत आल्यावर म्हणाला, "तुम्ही धावलात, भाऊसाहेब. माझे अठरा झाले." भिंतीचा आधार घेत उठला, दारावर १८ लिहिलं. "आज मी जमिनीचा."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात भित्रा हा शब्द होता, बांडगूळ होता, फुकटखाऊही होता. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेबास्नी सांगा, वारा बरा नाय. मी सांगितलं म्हणून सांगा."

"काही सांगायचं नाही. होडी मी नेतो."

तो एवढंच म्हणाला, "मग भोपळे तरी बांधा." आणि काठी टेकत कुठेतरी निघून गेला. मला वाटलं, रुसला.

साहेब आले. देह भारदस्त, कोट उंची. मी भोपळे दाखवले, तर ते म्हणाले, "हे काय, भाजी?" मी हसलो आणि भोपळे काठावर ठेवले. साहेबांना नाहीत म्हणून मीही बांधले नाहीत. साहेबांच्या शेजारी भोपळे बांधून बसलेला कारकून ठाण्याला बदलून जाईल, असं मला वाटलं नाही.

सुरुवात झकास झाली. शीड फुगलं, होडी निघाली, साहेब खूष. "तुम्ही तर तरबेज दिसता," असं म्हणाले. मी तीच वेळ साधून बदलीचा विषय काढला. साहेबांनी मान हलवली. इकडे दोराने माझा हात भरून आला होता, बोटं आखडली होती, पण साहेबांची मान हलत असताना शीड उतरवायचं कसं? मी दोर खुंटीला दोन वेढे मारून बांधून टाकला आणि मोकळ्या हाताने मुलीच्या घराण्याची माहिती देऊ लागलो.

डोंगरामागचा वारा आला तेव्हा मी तिच्या मामांपर्यंत पोचलो होतो. बांधलेलं शीड सुटेना, होडी आडवी झाली आणि पाहता पाहता पालथी पडली.

पाणी असं गार होतं की छातीत श्वासच उरला नाही. वर आलो तर साहेब होडीच्या पाठीवर पालथे पडलेले. तिथे दोघांची जागा होती, ती साहेबांनी एकट्याने व्यापली होती. मी चढायला गेलो तर होडी बुडायला लागली आणि साहेब इंग्रजीत ओरडायला लागले. तेव्हा मी कडेला धरून लटकलो. कोट भिजून वजनदार झाला, बुटांत पाणी भरलं, आणि जो हात आधीच थकलेला होता त्यात काही उरलं नव्हतं.

काठावर तांडेल उभा होता.

"तांडेल, उडी मारा!" मी ओरडलो.

त्याने उडी मारली नाही. जांभळीखाली उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो मोठ्याने ओरडला, "एक!"

मला वाटलं, थंडीने माझं डोकं फिरलं. तेवढ्यात आलं, "दोन!" माणूस बुडतोय आणि हा आकडे मोजतोय. मी त्याला शिव्या दिल्या, त्याच्या तुळईला दिल्या, खडूला दिल्या. तो मोजतच राहिला. आणि त्या संतापात एक गोष्ट मी पक्की ठरवली : याच्या बावीसच्या आत हात सोडायचा नाही. सोडला तर मी मेल्यावर हा दारावर एकवीस लिहील. मी दात आवळून धरलं. बोटं कळेनाशी झाली. पाणी कानांत जात होतं, बाहेर येत होतं, आणि मधूनच त्याचा आवाज येत होता, अठरा, एकोणीस. अजून आहेत, मी म्हणायचो, अजून बावीस झाले नाहीत. किती वेळ गेला देव जाणे. मग कोणीतरी माझी कॉलर धरली आणि मला बांबूच्या तराफ्यावर ओढलं. तो काळू होता, तळ्याकाठी झोपडी बांधून मासे धरणारा सूर्यमाळचा माणूस. त्याने आधी मला घेतलं आणि मग साहेबांना, आणि या क्रमाबद्दल साहेबांनी मला कधी क्षमा केली नाही.

बदली झाली नाही. मुलगी एका ओव्हरसियरला दिली. होडी पाण्याबाहेर निघून पुन्हा गवताखाली गेली. आणि सगळ्या गावाने तांडेलला धुवायला काढलं. काठावर उभा राहून आकडे मोजत होता, म्हणे. दर्यावर्दी असून पाय भिजवला नाही. पोरंसोरं त्याला पाहून 'एक, दोन' ओरडू लागली. मी त्यांना आवरलं नाही. उलट ऐकून बरं वाटे. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो मात्र रोज सकाळी लटकत होता. होडी नव्हती, तळ्यावर काम नव्हतं, तरी लटकत होता आणि लिहीत होता. निर्लज्ज, मी म्हणायचो.

चार महिन्यांनी कामानिमित्त खोडाळ्याच्या बाजारात गेलो, तर काळू सुकी मासळी घेऊन बसलेला. मी त्याचे आभार मानले, इतके दिवस मानले नव्हते.

"मना कनाला सांगतास, दादा? तांडेलला सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी तांडेल सकाळीच आला ना माझ्या झोपडीवर. काठी घेऊन, तापानं लटपटत. सांगला, तराफा घेऊन तळ्याच्या त्या अंगाला ऱ्हा, आज लागंल. पण वारा उलटा होता, लय वेळ लागला मना तुझ्यापावत यायला. दोन चिलमा ओढून होतील येवढा."

"एवढा वेळ नव्हता रे. तांडेलचे बावीससुद्धा झाले नव्हते."

काळू हसायला लागला. "त्याला मोजताच येत नाय, दादा. इसाला जाय, का परत चौदाला ये. पुन्हा इसाला जाय, पुन्हा चौदाला. मी तराफा मारता मारता ऐकत होतो. मना वाटला, म्हातारा येडा झाला. आन रडत होता. मोजत होता आन रडत होता."

मी मासळी न घेताच उठलो. ज्या माणसाने हेडमास्तरला एक आकडा वाढवून दिला नाही, स्वतःला दिला नाही, तो माझ्यासाठी काठावर खोटं मोजत उभा होता. आणि मी चार महिने त्याच्या नावाने थुंकत होतो. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लटकला, तेव्हा मी ओसरीवर जाऊन उभा राहिलो आणि मोजायला लागलो. त्याने डोळे उघडले, पुन्हा मिटले. सोळाला खाली उतरला.

"धावलात?"

"नाही."

"बरं." त्याने १६ लिहिलं.

"तांडेल, त्या दिवशी तुम्ही खोटं मोजलंत."

तो बोटांचा खडू पुसत बसला. "मोजलं," म्हणाला. "उडी मारावी असं लय वाटलं, भाऊसाहेब. पण माझे अठरा होते. तुमच्यापर्यंत येता येताच सरले असते. मग काळूनं कोणाला उचलायचं? आन तुमचे बावीस. बावीस ऐकलं असतं तर तुम्ही हात सोडला असता."

मी म्हटलं, "उद्यापासून मी मोजत जाईन."

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "हिरा मोजायची. माझी बायको. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता. भांडण झालेलं असलं तरी मोजायची. कधी एक वाढवून दिला नाय. ती गेली आन मी माझंच मोजाया लागलो. एकट्यानं मोजलं का माणूस धावतो. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशीचे एकतीस, ते काय एकतीस नव्हते."

त्यानंतर तीन वर्षं मी रोज मोजलं. लग्न झालं, तेव्हा बायकोला सांगून ठेवलं की सकाळी अमुक वेळेला मला हाक मारायची नाही. होडीचं लाकूड वाळवीने खाल्लं. तांडेलचा आकडा चौदावर आला, अकरावर आला, नऊवर आला. प्रत्येक वेळी तो विचारायचा, धावलात? आणि मी खरं सांगायचो, नाही. दारावर त्याचा आकडा रोज बदले. माझे बावीस मात्र तसेच होते, पावसाळ्यात पुसट झाले की तो त्यावरून पुन्हा खडू फिरवायचा.

शेवटच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा हिवताप झाला. एका सकाळी मला हाक मारली, म्हणून गेलो. ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता. वर तुळईकडे बघितलं आणि म्हणाला, "आज ऱ्हाव दे. आज नुसते बसू."

मी शेजारी बसलो. त्याने घोंगडीतून हात काढून माझं मनगट धरलं. पकड अजून चांगली होती. सवयीने मी मनात मोजायला लागलो. आठाला आलो, की पुन्हा तीनवर जात होतो.